पोरींनो, पुढे या: मुलींच्या बँडबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी 'बिकिनी किल' या अमेरिकन पंक बँडबद्दल लिहिलं होतं. पंक म्हणजे साधं, वेगवान, ओरडून म्हटलेलं रॉक संगीत. १९९० मध्ये ऑलिम्पिया या लहानशा शहरात तीन मुली आणि एक मुलगा मिळून निघालेला बँड. त्यांची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायची, मुलींनो पुढे या, पोरांनो मागे सरका. कारण पंकच्या कार्यक्रमात पुढची जागा धक्काबुक्की करणाऱ्या पोरांची असायची, मुली भिंतीला चिकटून उभ्या राहायच्या. एवढी एकच गोष्ट वाचून यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडून पत्रांचा ढीग आला. नावं छापू नका असं बहुतेकींनी लिहिलंय, ते पाळते. पत्रं थोडी कापली आहेत, भाषा ज्याची त्याची ठेवली आहे.

ताई, आम्ही चौघी मैत्रिणी. एक भजनी मंडळात खंजिरी वाजवते. एकीच्या भावाची गिटार घरी पडून आहे, ती थोडी वाजवते. मी गाते. चौथीला काही येत नाही, पण आमच्यात सगळ्यात डेरिंगबाज तीच. आम्हाला बँड काढायचा आहे. सर म्हणतात आधी नीट शिका, निदान शास्त्रीय गाण्याची मध्यमा परीक्षा तरी द्या. सोबत आमचं पहिलं गाणं पाठवलं आहे. ता. क. प्रॅक्टिसला मी पानठेल्यासमोरून जात नाही, तिथं पोट्टे बसलेले असतात. शाळेमागच्या पांदणीनं जाते, म्हणून पावसात उशीर होतो. — एक विद्यार्थिनी, ता. घाटंजी

काढा. शिकून झाल्यावर नाही, आत्ताच काढा.

सरांचा हेतू चांगला आहे. मीही शाळेत गाणं शिकवलंय, आणि सुरात असलेली पोरगी भेटली की आजही माझा दिवस चांगला जातो. पण ख्याल गायचा तर मध्यमा लागते. तुमचं काम वेगळं आहे. १९७७ मध्ये लंडनला ॲना डा सिल्व्हा आणि जीना बर्च या दोघी चित्रकला शिकत होत्या. त्यांनी 'द स्लिट्स' हा मुलींचा बँड स्टेजवर बघितला आणि आपलाही काढायचा ठरवला. त्याचं नाव 'द रेनकोट्स'. बर्चला बेस गिटार वाजवता येत नव्हती, ती बँड काढल्यावर शिकली. १९७९ ला त्यांची पहिली तबकडी आली. तिच्यात ताल मध्येच पुढे पळतो, मध्येच रेंगाळतो, दोघींचे आवाज एकमेकींवर चढतात. पुढे 'निर्वाणा' या गाजलेल्या अमेरिकन बँडचा गायक कर्ट कोबेन हीच जुनी तबकडी शोधत लंडनमध्ये फिरला.

आता कामाचं. गिटारच्या तारा आधी बदला, पडून राहिलेल्या तारा गंजतात आणि बोटं सोलतात. सगळ्यात जाड तार ती सहावी. गिटारच्या दांड्यावर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. सहावीवर तिसऱ्या फ्रेटला तर्जनी ठेवा, शेजारच्या पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला अनामिका. या दोनच तारा छेडायच्या, बाकीच्या वाजू द्यायच्या नाहीत. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. हा झाला जी. बोटं न मोडता तशीच एक तार सरकवा, म्हणजे पाचवीवर आणि चौथीवर. हा सी. तिथूनच दोन फ्रेट पुढे गेलात की डी. जगातली कितीतरी पंक गाणी या तीन जागांवर उभी आहेत. आठ दिवस बोटं दुखतील, मग घट्टे पडतील आणि दुखणं जाईल.

खंजिरीवाली म्हणजे तुमची खरी कमाई. केरवा ताल तिच्या हातात असणारच. तोच दुप्पट लयीत घ्यायचा. एक-दोन-तीन-चार मोजा. एक आणि तीनवर तुमच्या डेरिंगबाज मैत्रिणीनं तेलाच्या रिकाम्या पिप्यावर काठी हाणायची, दोन आणि चारवर खंजिरीचा छन्न. ड्रमसेटमध्ये मोठा ढोल आणि स्नेअर नावाचा छोटा ड्रम हेच काम करतात, आणि त्याला लागतात तेवढे पैसे तुमच्यापैकी कुणाकडे नाहीत हे मला ठाऊक आहे. खंजिरी कातड्याची असेल तर पावसाळ्यात सैल पडेल. वाजवण्याआधी चुलीच्या उबेला धरा, जाळाच्या फार जवळ नको.

गाणारीनं एक सांभाळायचं. ओरडणं पोटातून यायला हवं. गळा आवळून ओरडलात तर दुसऱ्या दिवशी आवाज बसेल. घसा खरखरायला लागला की त्या दिवशी गाणं बंद, मग कुणी कितीही आग्रह करो. आणि बंद खोलीत अँप्लिफायर लावून वाजवत असाल तर मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे बोळे कानात घाला. नुसत्या कापसानं भागत नाही.

आता तुमचं गाणं. 'नारी तू अबला नाही, तू ज्वाला आहेस, तू दुर्गा आहेस' अशा बारा ओळी आहेत. मी त्या दोनदा वाचल्या आणि मला त्यात तुमच्यापैकी एकही दिसली नाही. मग ताजा कलम वाचला आणि तिथेच थांबले. पानठेल्यावर पोरं पाय पसरून बसतात म्हणून एक पोरगी पावसात पांदणीचा चिखल तुडवते, चप्पल हातात घेऊन, साप-विंचू बघत. हे तुम्ही उशीर का होतो त्याचं कारण म्हणून लिहिलंय, जसं काही त्यात सांगण्यासारखं नाही! बाई गं, हेच तुमचं गाणं. मी नमुन्याला दोन ओळी देते, त्या ठेवल्याच पाहिजेत असं नाही:

*रस्ता तुझ्या बापाचा नाही,*
*मी पांदणीनं जाणार नाही.*

पहिली ओळ एकटीनं, दुसरी चौघींनी. पुढच्या ओळींत ठेला दाखवा. कुठल्या रंगाचा, बाकडं कुठं, गाणं कुठलं लागलेलं असतं, कोण खाकरतं, कोण गाडीचा हॉर्न वाजवतं. कुणाचं नाव घालू नका, गरज नाही, गावात सगळ्यांना कळेल. गाणं दोन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. आणि एवढं मनापासून सांगते, ते गाणं पहिल्यांदा म्हणाल तेव्हा चौघी मिळून ठेल्यासमोरच्या रस्त्यानं सरावाला जा.

आपण मुलींना परदेशी फॅडाकडे नेत आहात. आपल्याकडे राष्ट्रसंतांचं खंजिरी भजन आहे, भुलाबाईची गाणी आहेत. ती सोडून हा गोंगाट कशाला? — एक शिक्षक, दारव्हा

सर, सोडायला कुणी सांगितलं? वरचं उत्तर बघा, खंजिरी बँडच्या मधोमध आहे.

आणि ती खंजिरी शांत बसणाऱ्यांची कधीच नव्हती. तुकडोजी महाराज ती वाजवत गावोगाव फिरले, आणि १९४२ च्या आंदोलनात सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं. त्यांच्या ग्रामगीतेत महिलोन्नतीवर अख्खा अध्याय आहे. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्या माणसाला थेट प्रश्न विचारायचे, उत्तर येईपर्यंत सोडायचे नाहीत. लोकांना तोंडावर विचारणारी कला या मातीत आधीपासून आहे. तिच्या मध्यभागी बाई क्वचित उभी राहिली, माझं दुखणं एवढंच आहे.

भुलाबाईचंही तसंच. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघर गाणी म्हणतात, खाऊ ओळखतात. त्या गाण्यांत सासू आहे, माहेरी न पाठवणारं सासर आहे, रुसलेली सून आहे. मी लहानपणी ती म्हटली आहेत आणि मला ती जिवापाड आवडतात. पण बघा, गाऱ्हाणं अंगणात म्हणायचं, पोरीबाळींतच म्हणायचं, आणि कोजागिरीचं दूध प्यायलं की वर्षभर गप्प. माझ्या आईला तीसेक गाणी पाठ होती. तिला घरात कुणी विचारलं नाही की बाई, यातलं तुझं कुठलं. पंक बँड काढणाऱ्या मुलींनी हे अंगणातलं गाऱ्हाणं उचललं आणि माइकसमोर नेलं, नाव घेऊन, मोठ्यानं, वर्षाच्या कुठल्याही दिवशी. मला त्यातलं एवढंच हवंय.

तिकडची एक गोष्ट मात्र आपण घेऊ नये. बिकिनी किलभोवती १९९१ च्या सुमारास मुलींची जी चळवळ उभी राहिली, तिला रायट गर्ल म्हणतात. मुली हातानं लिहिलेली, झेरॉक्स काढून पिना मारलेली मासिकं वाटायच्या, बैठका घ्यायच्या, ज्या गोष्टी घरी बोलता येत नाहीत त्या तिथे बोलायच्या. फार मोठं काम. पण त्या बैठकांत बहुतेक जणी गोऱ्या आणि बऱ्या घरच्या होत्या, आणि काळ्या मुलींनी हे तेव्हाच तोंडावर सांगितलं होतं. खरं तर त्याच्या कितीतरी आधी, १९७६ मध्ये, लंडनला पॉली स्टायरीन नावाच्या मुलीनं 'एक्स-रे स्पेक्स' हा पंक बँड काढला होता. बाप सोमालियाचा, आई ब्रिटिश, दातांना तारा लावलेल्या, आणि तशीच ती स्टेजवर उभी राहून गायची. आपल्याकडे डफडं वाजवणारी घरं गावाच्या कुठल्या टोकाला आहेत हे सर, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. त्या घरच्या पोरींना ताल कुणी शिकवावा लागत नाही. चौघींचा बँड एकाच गल्लीतून निघत असेल तर त्यांनी एकदा दुसऱ्या टोकाला जावं, आणि नुसतं वाजवायला बोलावू नये, गाणं लिहायलाही सोबत बसवावं. तुम्ही शाळेत आहात, हे घडवून आणणं तुमच्या हातात आहे.

माझी मुलगी सतरा वर्षांची. कॉलेजच्या दोन मुलींसोबत बँडमध्ये गाते. तिचं गाणं म्हणजे नुसतं किंचाळणं, मला शब्दही समजत नाहीत. व्हिडिओ टाकला तर खाली लोकांनी घाण घाण लिहिलं. नणंद म्हणते, आता हिला कोण करून घेईल. हे म्हणतात बंद कर. मी मध्ये सापडले. — एक आई, ता. आर्वी

वहिनी, तुमचं पत्र मी सगळ्यात जास्त वेळ हातात धरून बसले होते.

आधी एक गोष्ट सांगते, ती गोड नाही. श्रीनगरला दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला होता. डिसेंबर २०१२ मध्ये बँडच्या स्पर्धेत पहिल्यांदा वाजवलं आणि बक्षीसही मिळवलं. मग फोनवर, इंटरनेटवर धमक्या सुरू झाल्या, बलात्काराच्यासुद्धा. तिथल्या बड्या मुफ्तींनी हे धर्माविरुद्ध आहे म्हणून जाहीर केलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये मुलींनी बँड बंद केला. मुख्यमंत्री त्यांच्या बाजूनं बोलले, पोलिसांनी काही जणांना पकडलंही, पण बँड परत उभा राहिला नाही. म्हणूनच तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट इंडोनेशियाची. पश्चिम जावातल्या गरुत जिल्ह्यात २०१४ मध्ये गावातल्या शाळेतल्या तीन मुलींनी 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' हा बँड काढला. घरं धार्मिक, डोक्यावर हिजाब, वाद्यं शाळेची. त्यांचं संगीत पंकहून जड, मेटल म्हणतात त्याला, पण गाणी मुलींच्या हक्काचीच. घरच्यांचा विरोध होता, गावातून धमक्या होत्या. शाळेतले एक शिक्षक मात्र पहिल्यापासून त्यांच्या मागे राहिले. २०२४ मध्ये त्या इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात वाजवून आल्या. मागे उभं राहणारं एक मोठं माणूस असलं तर काय होतं, ते मला इथे दिसतं. तुमच्या घरात ते माणूस तुम्ही होऊ शकता.

त्यासाठी गाणं आवडलंच पाहिजे असं नाही. शब्द समजत नाहीत म्हणता, तर वही मागा. कॅथलीन हॅना कार्यक्रमात शब्दांचे कागद वाटायची, कारण आरडाओरड्यात शब्द हरवतात हे तिलाही ठाऊक होतं. मुलीला सांगा, मला कागदावर लिहून दे. मग वाचून जे विचारायचं ते विचारा.

घाण लिहिणाऱ्यांना उत्तर देऊ नका, पुसूनही टाकू नका. आधी प्रत्येकाचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव आणि तारीख दिसली पाहिजे, मग ब्लॉक करा. धमकी असेल तर सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर तक्रार होते. मुलगी अठराच्या आतली आहे, तेव्हा १०९८ ही चाइल्डलाइनसुद्धा तिचीच. बायकांसाठी १८१ आहे. व्हिडिओत घर, गल्ली, कॉलेजचं गेट दिसू देऊ नका. कार्यक्रमाला जाताना परतीची गाडी आधी ठरवा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे, तेव्हा 'पोरगी रात्री-बेरात्री गाते' हा नणंदेचा मुद्दा तिथेच मिटतो.

कोण करून घेईल म्हणतात. वहिनी, जो माणूस गाणाऱ्या मुलीला नको म्हणेल, त्याच्या घरी तिला पाठवायची तुम्हाला घाई आहे का? मुलीच्या बाबांना हाच प्रश्न विचारा, भांडून नाही, जेवण झाल्यावर, शांतपणे.

मी ड्रम वाजवतो. पोरींच्या बँडमध्ये पोरगा चालतो का? — वणी

चालतो. बिकिनी किलमध्ये गिटारवर बिली कॅरन होता. बँड काय म्हणणार हे मुली ठरवायच्या. तुला हे जमणार असेल तर आनंदानं जा. आणि कार्यक्रमात तुझे दोस्त पुढे घुसले की त्यांना मागे सरकवायचं काम तुझं, गाणारीचं नाही.

रशियातल्या मुलींना चर्चमध्ये गाणं म्हटलं म्हणून जेल झाली असं वाचलं. आपल्याकडेही असं होऊ शकतं का? — एक वाचक, वरुड

'पुसी रायट' म्हणता तुम्ही. २१ फेब्रुवारी २०१२ ला त्या रंगीत टोप्यांनी तोंड झाकून मॉस्कोच्या मोठ्या कॅथेड्रलमध्ये शिरल्या आणि पुतिनविरुद्ध गाणं म्हटलं. मिनिटभरही गाऊ दिलं नाही. तिघींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली, एकीची पुढे स्थगित झाली, दोघी जवळपास पूर्ण भोगून डिसेंबर २०१३ मध्ये सुटल्या. त्यांच्या हिमतीला माझा नमस्कार. पण गावातल्या पोरींना मी सांगेन, पहिला कार्यक्रम देवळात करू नका. तुमचं भांडण ठेल्याशी आहे, कापूस मोजायच्या काट्याशी आहे, घरातल्या पंगतीशी आहे. तिथेच गा. स्पीकर लावणार असाल तर पोलीस ठाण्यातून लेखी परवानगी काढा आणि तो कागद जवळ बाळगा.

ताई, आमी चाळीस-पंचेचाळीसच्या बाया. बचत गटाची मिटिंग झाली का गाने म्हनतो. पोरीचा बँड पाहून आमालेबी वाट्टे का आपुन काहाले नाई कराव? लोकं हासतीन का? आमी कापूस येचाले जातो. संध्याकाई मोजाच्या टायमाले मालक काट्याले बोट लावते, किलो-दोन किलो कमीच भरते. त्याच्यावर गानं केलं. 'मालका रे मालका, तुह्या मनात पाप, गरिबाचा घेशीन तू शाप.' कसं आहे सांगा. — बचत गटातल्या बाया, ता. केळापूर

हसतील. हसू द्या. रेनकोट्सच्या जीना बर्चचं नाव वर आलं आहे, तिनं स्वतःच्या एकटीच्या नावावर पहिला अल्बम काढला तो २०२३ मध्ये, वयाची साठी उलटून गेल्यावर. तिच्या मानानं तुम्ही पोरी आहात.

तुमच्याजवळ जे आहे ते वरच्या चौघींजवळ अजून नाही. दहा-बारा जणींनी एकदम एक ओळ उचलायची सवय. जात्यावर, रोवण्यात, वेचणीत ती लागलेली असते, शिकवून येत नाही. गिटारशिवाय काही अडत नाही तुमचं. ओटीची पिशवी कमरेला बांधूनच उभ्या राहा, टाळ्या आणि पायाचा ठेका पुरे, एखादीनं ताट वाजवावं.

गाण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगते. चाल छान आहे, मी म्हणून बघितली. पण पाप आणि शाप देवावर सोडून दिल्यासारखं होतं, आणि मालकाला तेच सोयीचं. तुम्ही पत्रात जे लिहिलंय ते गाण्यात नाही. वजन करताना तुमचं लक्ष आकड्यावर असतं, तेवढ्यात त्याचं बोट पारड्याखाली जातं. दिवसभर वाकून वेचलेल्या ओझ्यातलं किलोभर त्या एका बोटावर उभं राहतं, आणि मजुरी किलोवर. म्हणून शाप काढून टाका, बोट आणा. 'मालका रे मालका, काट्यावरचं बोट काढ' हे धृपद करा. एक जण वजनाचे आकडे मोठ्यानं म्हणत जाईल, बाकीच्या सगळ्या जणी प्रत्येक आकड्यानंतर हीच ओळ म्हणतील, आकडा बरोबर येईपर्यंत. पाठ झालं की रेकॉर्ड करून मला पाठवा. या हंगामाची वेचणी सुरू व्हायच्या आत पाठवा, म्हणजे काट्यापाशी म्हणता येईल.